तळाचं औषध

पाथरवटाचा धंदा बसून करायचा. दगडासमोर उकिडवं बसायचं, टाच दगडाला टेकवायची, डाव्या मुठीत छिन्नी, उजव्या हातात हातोडा, आणि मग दिवसभर टक् टक् टक्. पाठ धरते, डोळ्यांत कच जाते, पण बसलेल्या माणसाचं दगड ऐकतो. थोरल्याला बसताच येत नव्हतं.

त्यानं त्यावर तोड काढली होती. फुटक्या दगडांची चळत कंबरेएवढी रचायची, तिच्यावर घडायचा दगड ठेवायचा आणि उभ्यानं छिन्नी चालवायची. पण उभ्या माणसाचा घाव वरून पडतो, तिरपा बसत नाही. कड हवी तिथं न तुटता खपलीसारखी निघायची. समोरून त्याची बायको दगड पहारीनं दाबून धरायची. दर घावाला तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या यायच्या.

"काय रे, साहेब झालास की! टेबलावर काम!" खाणीतला सुरुंगवाला जाता जाता ओरडला.

"आता खुर्ची तेवढी मागव," दुसरा म्हणाला.

"खुर्ची काय डोक्यावर घेईल? त्याला बसायचंय कुठं!"

सगळे हसले. थोरलाही हसला, कारण आज हसलं नाही तर उद्या दुप्पट हसतात. त्याची बायको हसली नाही. घरात दुसरी सून अजून यायची होती, तरी तिला सगळे थोरलीच म्हणत.

"तुमच्या ढुंगणावर झालं की मलाही बोलवा," ती म्हणाली. "मीही येईन हसायला."

"वहिनीच्या जिभेचीच छिन्नी कर रे. दगड आपसूक फुटतील."

दुखणं सुरू झालं होतं तापापासून. खाणीच्या तळाशी हिरवं पाणी साचलं होतं, त्यावर डास, आणि गावात घरटी एक माणूस आडवं. या गावाला गोळी पटत नसे. गोळी म्हणजे डॉक्टरची टाळाटाळ. सुई म्हणजे औषध. थोरल्याला ताप भरला तेव्हा सुई घरी चालत आली, कारण त्याचा धाकटा भाऊ गावच्या दवाखान्यात कामाला होता. ठेवला होता झाडायला-पुसायला. पण डॉक्टर निम्मा आठवडा दुसऱ्या गावच्या दवाखान्यात असत, आणि तेव्हा सुया धाकटाच द्यायचा. गाव त्याला अर्धा डॉक्टर म्हणायचं. त्यालाही ते आवडायचं.

ताप उतरला. सुई टोचली होती तिथं मात्र गाठ आली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. कातडी लाल, ताणलेली, हात लावला तर तव्यासारखी गरम. तीन पावलं टाकली की थोरला भिंत धरायचा. शेवटी थोरलीनं त्याला दगडाच्या गाडीत, दगडांवरच पोत्यांची चवड घालून, पालथा निजवून शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी गळू चिरलं. वाटीभर पू निघाला. उरलेल्या खड्ड्यात त्यांनी औषधात भिजवलेली लांब पट्टी बोटानं भरली आणि ती रोज कशी बदलायची ते थोरलीला शिकवलं.

"सुई कुठं घेतली होती?"

"गावच्या दवाखान्यात."

"औषधाची बाटली तिथं कुठं असते? पाहिलीय तुम्ही?"

"खिडकीत. वरच्या रबरी बुचात एक सुई खोचलेलीच असते. तिच्यातनं औषध ओढून घेतात. बाटली संपेपर्यंत ती तशीच असते."

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "ती सुई म्हणजे उघडं दार," त्या म्हणाल्या. "हातावरची घाण, हवेतली घाण, सगळं त्या दारानं आत जातं आणि औषधात वाढतं. खिडकीतल्या उन्हात तर जास्तच. तुमच्या बाजूनं अशी गळवं सारखी येतायत माझ्याकडे. हे चिरता आलं. एखाद्याच्या रक्तात गेलं तर माणूस हातचा जाईल. मी वर कळवणार आहे."

थोरली मान हलवत राहिली. ती सुई आपल्याच दिरानं दिली, हे तिनं सांगितलं नाही.

घरी येऊन तिनं दिराला मात्र सांगितलं, अक्षर न् अक्षर. तो हसला. "शहरातल्या डॉक्टरांना गावचं कधी बरं दिसलंय, वहिनी? आणि बाटली मी थोडीच तशी ठेवतो? डॉक्टरांनीच तशी ठेवलीय. मी काय त्यांच्यापेक्षा शहाणा?"

*

काही दिवसांनी संध्याकाळी धाकटा घाईघाईनं घरी आला. थोरला खाटेवर पालथा होता आणि थोरली पट्टी काढत होती. पट्टी सुकून मांसाला चिकटली होती. ती पाणी शिंपडत बोटभर ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. थोरल्यानं उशीचा कोपरा दातांत धरला होता.

"वरून तपासणी येतेय," धाकटा दारातूनच म्हणाला. "दवाखाना सुरक्षित आहे का, नीट चालतो का, सगळं बघणार. नापास झाला तर टाळं."

"अगं बाई!" सासू चुलीपाशी होती ती उठलीच. "मग तुझ्या नोकरीचं? मुलीकडचे अजून हो म्हणायचेत."

"पास करायचा म्हणजे झालं. दादा, डॉक्टर म्हणाले, दारातली पायरी फुटलीय, ती बदलायला हवी. तुझा हात चांगला. नवी घडवून दे म्हणाले. गावाचं काम आहे."

थोरलीनं पट्टी ओढली ती जरा जास्तच. थोरला कण्हला.

"त्यांना सांग, ज्याचं बूड फोडलंत त्याच्याकडूनच पायरी मागता?"

"वहिनी, सावकाश. भिंतीला कान असतात."

"भिंतीला असतील. तुझ्या डॉक्टरला आहेत का?"

धाकटा भावाच्या डोक्याशी बसला. त्याचा आवाज खाली आला. "अजून एक. तपासणीच्या दिवशी दादा, तू खाणीतच राहा. दवाखान्याकडे फिरकू नकोस. उगीच चालणं-बिलणं दिसलं तर… डॉक्टर म्हणाले."

थोरलीनं उरलेली पट्टी ओढून काढली. मग थोरला उशीतच तोंड ठेवून म्हणाला, "दगड कोणता घेऊ? काळा टिकेल."

*

काळाच घेतला. हातभर रुंद, दोन माणसांना उचलायला जड. चार दिवस थोरल्यानं तो उभ्यानं घडवला. माथा सपाट करताना त्याला दगडावर ओणवं व्हावं लागायचं. ओणवं झालं की जखमेवर ताण यायचा आणि विजारीवर ओला डाग उमटायचा. हा दगड जड, पहारीनं धरावा लागत नसे; थोरली त्याच्या मागं उभी राहायची, म्हणजे खाणीला डाग दिसायचा नाही. एकदा छिन्नी सटकून त्याच्या अंगठ्यावर बसली. त्यानं अंगठा तोंडात घातला, थुंकला आणि पुन्हा छिन्नी धरली.

"कशासाठी एवढं?" ती म्हणाली. "वाकडी घडवा. पडू दे कुणी."

"माझा हात आहे तो," थोरला म्हणाला. "वाकडं मला जमत नाही."

पायरी बसवायला दोघं गेली तेव्हा दवाखान्यात लग्नघरासारखी धावपळ चालली होती. भिंती पांढऱ्याफेक. कोपऱ्यातला नळ कधीच वाहत नसे. आज वर पिंप चढवून त्याला पाणी आणलं होतं आणि जो तो येऊन नळ सोडून बघत होता. दवाखान्याच्या बंद पडलेल्या फ्रीजमध्ये धाकट्याचा डबा आणि जुने कागद असायचे. तो फ्रीज मागं नेऊन ताडपत्रीखाली लपवला होता आणि दुकानदार आपला सरबताचा फ्रीज हातगाडीवरून स्वतः उतरवत होता.

"जपून! ओरखडा नको!" तो ओरडत होता. "चार दिवसांची पाहुणी आहे ती, नांदायला नाही आली."

खिडकीतली बाटली दिसत नव्हती. तिच्या बुडाचा गोल डाग तेवढा लाकडावर होता. धाकटा तो ओल्या फडक्यानं घासत होता. डाग जात नव्हता.

दवाखान्याच्या शेजारी राहणारी एक म्हातारी दारात टेकली होती. बारा महिने खोकायची म्हणून गाव तिला खोकली म्हणायचं. तिनं थोरलीला हातानं जवळ बोलावलं.

"हे बघ पोरी, तुझ्या नवऱ्याचं झालं ते वाईट झालं. पण तोंड उघडू नकोस. हा दवाखाना गेला की डोंगरापलीकडे जावं लागेल. मी काय खोकत खोकत डोंगर चढू? वाटेतच मरेन."

"इथं मेलात तर चालेल?"

"इथं निदान घर जवळ आहे," खोकली म्हणाली, आणि तिला खोकला आला.

*

तपासणीच्या दिवशी थोरला सांगितल्याप्रमाणे खाणीत गेला. थोरलीही गेली. पहार धरली, सोडली. पुन्हा धरली. मग पहार दगडावर आडवी टाकून ती नवऱ्याला म्हणाली, "चला."

"कुठं?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठं."

"धाकट्याची नोकरी जाईल."

"आणि पुढच्या सुईला कुणाचा जीव जाईल? उद्या तुमच्या आईला ताप आला तर? तो तिलाही घरीच येऊन देईल. प्रेमानं देईल."

थोरल्यानं हातोडा खाली ठेवला. पंचाईत अशी, की त्याला भरभर चालताही येत नव्हतं. अख्ख्या खाणीसमोरून ती दोघं पाय ओढत गेली. आज कुणी हसलं नाही.

तपासायला दोघं आली होती. एक ठेंगण्या, घामेजलेल्या बाई आणि त्यांच्याबरोबर एक सडसडीत तरुण, जो सगळं लिहीत होता. बाईंनी नळ सोडून बघितला, हात धुतले. सुया टाकायचा डबा उघडून बघितला. डबा इतका कोरा होता, की आत त्यांचा चेहरा दिसत होता. फ्रीज उघडून त्यांनी आत डोकं घातलं.

"याला सरबताचा वास कसा येतो?"

"उन्हाळ्याचं कधीमधी लेकरांना ठेवतो बाई," डॉक्टर म्हणाले.

"औषधाच्या फ्रीजमध्ये?"

"पुन्हा होणार नाही."

"तापमान बरोबर आहे," तरुण म्हणाला. त्यानं लिहून टाकलं.

रांगेत बसलेल्यांना बाई विचारत होत्या, काही तक्रार? खोकली म्हणाली, डॉक्टर म्हणजे माझा मुलगाच. दुकानदार काही आजारी नव्हता, तरी रांगेत बसला होता. तो म्हणाला, असा दवाखाना शोधून सापडणार नाही. तेवढ्यात थोरला आणि थोरली नव्या पायरीवर येऊन उभे राहिले. धाकट्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

डॉक्टर मात्र पटकन पुढं आले. "या, या! बाई, हे आमचे पाथरवट. ही पायरी यांनीच घडवली. गावाचं असं प्रेम आहे दवाखान्यावर."

"सुरेख आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा ना."

थोरला उभाच राहिला.

"बसा."

"राहू द्या बाई," डॉक्टर हसून म्हणाले. "आमच्याकडे लोक मोठ्या माणसांसमोर बसत नाहीत. साधी माणसं. मान ठेवतात."

"हो," थोरला खाली बघत म्हणाला. "मान… मानच."

थोरलीच्या कानशिलात काहीतरी तडकलं. चिरलेली जागा, उशीचा कोपरा, चार दिवसांचं ओणवं होणं, सगळं तिनं गिळलं होतं. पण त्याच्या न बसण्याला यांनी मान म्हणावं आणि त्यानंही हो म्हणावं!

"मान नाही," ती म्हणाली. "त्यांना बसता येत नाही. या दवाखान्यातल्या सुईनं कुल्ला सडला त्यांचा. मान ठेवतात म्हणे! दाखवा हो. लाजायचं काय? लाज ज्यांना वाटायची ते हसतायत."

बाईंनी पडदा ओढून जखम बघितली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "कुणी दिली सुई?"

थोरला गप्प. थोरलीही क्षणभर गप्प. आणि तेवढ्या क्षणात डॉक्टरांनी बोट केलं. ते बोट सरळ धाकट्याकडे होतं.

"या मुलाला मी झाडायला ठेवलंय. सुईला हात लावायची त्याला परवानगी नाही. माझ्या माघारी हे असले उद्योग करत असेल, तर मलाच धक्का बसलाय."

"परवानगी नाही?" थोरली दोन पावलं पुढं गेली. "तुम्ही निम्मा आठवडा नसता, तेव्हा सुया कोण देतं, भुतं? खिडकीत उन्हात बाटली कुणी ठेवली? बुचात सुई कुणी खोचली? सांगा की, सगळ्यांनी बघितलीय!" ती रांगेकडे वळली. "खोकले, तू बघितलीस ना? दुकानदार?"

दुकानदार फ्रीजच्या तारेकडे बघत होता. खोकलीला खोकला आला आणि या वेळी तो फारच लांबला.

"तूच सांग," बाई धाकट्याला म्हणाल्या. "सुया द्यायला तुला कुणी सांगितलं?"

धाकट्यानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर नळाला आलेलं थेंबभर पाणी बघत होते.

"कुणी नाही," धाकटा म्हणाला. "मीच."

*

निकाल दवाखान्याच्या दारावर चिकटला. लांबलचक होता, पण गावानं शेवटच्या दोन ओळी तेवढ्या वाचल्या: अप्रशिक्षित सेवकास कामावरून दूर केल्याने त्रुटी राहिलेली नाही. दवाखाना सुरक्षित.

"सुरक्षित!" थोरली घरात येऊन म्हणाली. "बाटली तीच, खिडकी तीच, डॉक्टर तोच. माणूस हाकलला आणि झाला सुरक्षित!"

"तू केलंस हे!" सासू कडाडली. "सोन्यासारखी नोकरी. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, बघतो म्हणून. बघतो म्हणजे नाही! घरचं उष्टं चव्हाट्यावर मांडलंस."

"आणि यांचं मांस सडत होतं ते?"

धाकटा कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तो एकदम उसळला. "मी काय मुद्दाम केलं? गावाला वरचं औषध, घरच्यांना तळाचं! डॉक्टर म्हणायचे, तळाशी राहिलं ते ओतून दे. मी ओतत नव्हतो. जपून आणायचो. दादाला, आईला, मावशीला. फुकट. तुमच्यासाठीच!"

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. सगळ्यात जास्त दिवस उन्हात राहिलेलं, सगळ्यात जास्त वेळा हात लागलेलं तळाचं औषध. तेच यानं नेमानं घरी आणलं होतं, सणाच्या खाऊसारखं.

"तुला एवढीही अक्कल नाही का रे? डॉक्टर ओतून दे म्हणाला, यावरून तरी कळायचं!"

"टाकून कसं द्यायचं, औषध होतं ते!"

खाटेवरून थोरला बोलला. इतके दिवस तो उशीत बोलत होता. आज त्यानं मान वर उचलली. "त्या बाईंनी विचारलं तेव्हा डॉक्टरचं नाव का नाही घेतलंस?"

"नोकरी…"

"माझं चुकलं असेल, मी गप्प बसलो तुझ्यासाठी. तू गप्प बसलास त्याच्यासाठी. आणि त्यानं बोट केलं ते तुझ्याकडे. थू आपल्या दोघांवर!"

त्याच आठवड्यात सासूला ताप भरला.

*

"सुई हवी," सासू दोन दिवस घोकत होती. गोळीनं ताप उतरेल म्हटलं तरी सुई हवी. शेवटी थोरली तिला घेऊन दवाखान्यात गेली. दुकानदाराचा फ्रीज परत गेला होता. नळ कोरडा. रांग दारापर्यंत होती आणि धाकटा नसल्यामुळं डॉक्टर स्वतःच सुया देत होते, कपाळाला आठ्या घालून.

खिडकीत बाटली उभी होती. अर्धी रिकामी. बुचात सुई.

सासू बाकावर आडवी झाली. डॉक्टरांनी खिडकीकडे हात नेला. थोरलीनं तो हात मनगटापाशी धरला. दगड दाबून दाबून घट्टे पडलेला हात होता तिचा. डॉक्टरांना सोडवता येईना.

"नवी उघडा."

"काय लावलंय हे? सोड!"

"नवी बाटली. माझ्यासमोर. आणि बुचात काही राहायचं नाही."

"ही आजच उघडलीय."

"कुणासमोर?"

डॉक्टर दारातल्या रांगेकडे बघून हसले, म्हणजे लोकही हसतील. "एका म्हातारीसाठी अख्खी बाटली उघडू?"

"एकीसाठी कशाला? बाहेर रांग आहे की. नवी उघडा, दर माणसाला नवी सुई घाला, आणि संध्याकाळी उरेल ते ओतून द्या. माझ्या डोळ्यांदेखत."

"तपासणी झालीय दवाखान्याची. दारावर लावलंय, वाचता येत असेल तर."

"त्यांची झाली," थोरली म्हणाली. "माझी चाललीय."

सासू बाकावरून उठून बसली. तापानं तिचे डोळे लाल होते. तिनं आधी सुनेकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग सुई टोचायच्या जागेवर हात ठेवला आणि पुन्हा आडवी झाली. "ती म्हणतेय तसं करा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

डॉक्टरांनी कपाट उघडलं. नवी बाटली काढली. पत्र्याचं झाकण निघाल्याचा बारीक आवाज झाला, आणि रांगेतली सगळी डोकी दारातून आत आली. सासूला सुई टोचून झाली. डॉक्टरांनी सवयीनं दुसरी सुई बुचात खोचून ठेवायला उचलली. थोरली नुसती बघत राहिली. त्यांनी ती खाली ठेवली.

"या भवानीमुळं दवाखान्याला टाळं लागलं असतं," खोकली आत शिरत, तिला कोपरानं ढकलत म्हणाली. "मेलीला लाज नाही. मी डोंगर चढून कुठं गेले असते, याचा विचार नाही. सर बाजूला." मग ती बाकावर पडली, पडल्या पडल्या एकदा खोकली आणि डॉक्टरांना म्हणाली, "माझ्या सुईचंही पाकीट समोर फाडा हो. इकडे करा, मला दिसत नाही."

डॉक्टरांनी हात तिच्या डोळ्यांसमोर नेला आणि पाकीट फाडलं. तिच्यामागून पुढची बाई आत आली, आणि तीही आधी बाटलीकडे बघत आली.

सासूला शेजारणीबरोबर घरी धाडून थोरली टेबलाशीच उभी राहिली. खाणीत पहार धरायला आज कुणी नव्हतं. डॉक्टर दोनदा म्हणाले, तुझं झालं ना, जा आता. ती गेली नाही.